शूर्पारकाचें मीठ

मिठाइतकी स्वस्त आणि मिठाइतकी दुर्लक्षित वस्तु आमच्या स्वयंपाकघरांत दुसरी नसेल. भाजी अळणी झाली म्हणजे त्याची आठवण होते, आमटी खारट झाली म्हणजे घरांत कुरकुर होते; एरवीं फडताळांतल्या त्या बरणीचा विचार कोणी करीत नाहीं. भाषेनें मात्र त्याचा मान राखला आहे. खाल्ल्या मिठाला जागणें ही आम्ही निष्ठेची कसोटी मानतों, गरिबाच्या जेवणास मीठभाकर म्हणतों, आणि तान्ह्या मुलाची दृष्ट काढावयाची तर मीठमोहऱ्याच हातीं घेतों. जी वस्तु निष्ठा, दारिद्र्य आणि अरिष्ट या तिहींच्या प्रसंगीं तोंडीं येते, तिला इतिहास असलाच पाहिजे. तो इतिहास एका ठिकाणीं उभें राहून पाहावयाचा तर नालासोपाऱ्याहून सोईचें स्थळ उत्तर कोंकणांत क्वचितच सांपडेल.

आज नालासोपारा म्हणजे पश्चिम रेल्वेवर वसईरोड आणि विरार यांच्यामधील एक अति गजबजलेलें स्थानक. तेथील महानगरपालिका २००९ सालीं स्थापन झाली आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला. पण सोपारें या नांवाचें वय असल्या तारखांनीं मोजतां येण्यासारखें नाहीं. महाभारतांत शूर्पारक आहे. जामदग्न्य परशुरामासाठीं समुद्रानें मागें सरून ही भूमि दिली, अशी कथा तेथें सांगितली आहे. कथेंतील अद्भुत वजा केलें तरी तिच्यांत या किनाऱ्याचा एक प्रत्यक्ष अनुभव उरतो. येथें जमीन आणि समुद्र यांची शीव कायमची नाहीं. भरतीचें पाणी आंत येतें, गाळ सांठतो, बांध घातला कीं शेत किंवा आगर होतें, आणि बांध फुटला कीं पुन्हा खाजण होतें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नावाड्याच्या प्रवासवर्णनांत या बंदराचें नांव कल्याण व चौल यांच्या बरोबरीनें येतें. दुसऱ्या शतकांतील टॉलेमीहि त्याचा उल्लेख करतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ च्या एप्रिल महिन्यांत ज्यास लोक बुरुडराजाचा कोट म्हणत त्या टेकाडाचें उत्खनन केलें, तेव्हां तो स्तूप निघाला. त्याच्या पोटांत एकांत एक ठेवलेले करंडक, सोन्याचीं फुलें, भिक्षापात्राच्या खापऱ्या आणि आठ लहान बुद्धमूर्ति मिळाल्या. त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हातीं आला, आणि १९५६ सालीं जवळच्या भुईगांवास नवव्या लेखाचा तुकडा सांपडला. या गोष्टी वाचकांस ठाऊक आहेत. आम्हांस त्यांच्यापेक्षां एका जातककथेकडे लक्ष वेधावयाचें आहे. तिच्यांतला कर्णधार भरुकच्छाचा रहिवासी असला तरी त्याचें नांव सुप्पारक आहे, म्हणजे आमच्या सोपाऱ्याचेंच नांव तो धारण करतो. जन्मभर समुद्रावर काढल्यामुळें खाऱ्या पाण्यानें त्याचे दोन्ही डोळे गेले. तरी पुढें व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून तो आंधळा मनुष्य पुन्हा जहाजावर चढला आणि त्यानेंच तें सुखरूप परत आणलें. ज्या समुद्रानें या लोकांस पोसलें त्याच्याच खारानें त्यांस झिजविलेंहि, ही जाणीव त्या काळच्या कथाकारास होती एवढें येथें ध्यानांत ठेवावें.

आतां मिठाकडे वळूं. मीठ ही राजाची वस्तु आहे ही कल्पना इंग्रजांनीं येथें आणली असा एक सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत लवणाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. मिठांतला राजाचा हिस्सा त्यानें घ्यावा, आणि परक्या देशाहून आलेल्या मिठाचा सहावा भाग वसूल करावा, असा तेथें नियम आहे. मात्र श्रोत्रिय, तपस्वी आणि वेठीचे मजूर यांस जेवणापुरतें मीठ नेण्याची मुभा ठेविली आहे. महाराष्ट्रांतला पुरावा तर दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीनें आपल्या कारकीर्दीच्या अठराव्या वर्षीं भिक्षूंस शेत दान दिल्याचा लेख आहे. त्या शेताच्या सवलती सांगतांना एक शब्द येतो: अलोणखादक. म्हणजे राजाच्या माणसांनीं त्या जमिनींत मिठासाठीं खणूं नये. ज्याअर्थीं ही सूट मुद्दाम द्यावी लागली, त्याअर्थीं इतर जमिनींत मिठासाठीं खणण्याचा हक्क राजाकडे होता हें उघड आहे. त्याच लेण्यांत उषवदातानें शूर्पारकांत धर्मशाळा बांधल्याचेंहि नमूद आहे. पुढें शिलाहारांच्या काळीं, शके १०१६ च्या खारेपाटणच्या ताम्रपटांत, ठाणें व चौल यांबरोबर शूर्पारकाच्या बंदरांतहि एका व्यापारी घराण्याच्या जहाजांस जकात माफ केलेली आढळते. किनारा, बंदर, जकात आणि मीठ यांची सांगड अशी फार जुनी आहे.

या परंपरेंतला सर्वांत बोलका कागद मात्र शिवाजी महाराजांचा आहे. १६७१ सालीं कुडाळच्या सरसुभेदारास, नरहरि आनंदराव यांस, पाठविलेल्या पत्रांत बारदेशाहून, म्हणजे पोर्तुगीज मुलखांतून, येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा आहे. तें मीठ स्वस्त पडलें तर व्यापारी तिकडे वळतील आणि संगमेश्वराकडचीं आपलीं मिठागरें पडतील, हा त्यांतला हिशेब आहे. राज्याभिषेकापूर्वींच आपल्या आगरांचा असा सांभाळ करणारा राजा ज्या मातींत झाला, तेथें मीठ हा क्षुद्र विषय समजणें बरें नव्हे.

आगर पिकतें कसें हें शहरांतल्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिलें असेल. पुढील विवेचनास त्याची गरज आहे म्हणून थोडें सांगतों. समुद्राच्या दर लिटर पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात. उधाणाच्या भरतीचें पाणी बांधांतून आंत घेऊन आधीं मोठ्या तळ्यांत तापवितात, तेथून तें उथळ वाफ्यांत सोडतात. पाणी आटूं लागलें म्हणजे प्रथम चुन्याचे क्षार तळाशीं बसतात, मागाहून खरें मीठ धरतें, आणि शेवटीं उरणाऱ्या पाण्यांत मॅग्नेशियमचे कडू क्षार राहतात; तें वेळींच काढून टाकलें नाहीं तर सगळें मीठ कडवट होतें. हें सारें पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसाच्या आंत उरकावें लागतें. ज्यांच्या पिढ्या या कामांत गेल्या ती आगरी जात आपलें नांवच आगरावरून घेते. ऊन हवें हें कोणीहि सांगेल. पण मिठास वाराहि तितकाच लागतो. वारा पडला म्हणजे वाफ्यावर दमट हवेचा थर बसून राहतो, पाणी आटेनासें होतें आणि नुसतें तापत राहतें. मीठ धरत नाहीं, पाण्याला मात्र हात लावला तर चटका बसावा अशी स्थिति होते. या साध्या गोष्टीकडे आपणांस पुन्हा यावयाचें आहे.

इंग्रजी अमदानींत मिठावरील कराची जी कथा झाली ती कराच्या इतिहासांतली एक लाजिरवाणी कथा आहे. बंगाल्यांतल्या महाग मिठाच्या वसुलीस धक्का पोंचूं नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत दोन हजारांहून अधिक मैलांची जकातीची सरहद्द उभी करण्यांत आली, आणि तिच्या मोठ्या भागावर कांटेरी झाडांचें कुंपण वाढविण्यांत आलें. ती १८७९ सालीं उठली. मुंबई इलाख्यांत १८४४ सालीं मिठावरचा कर मणामागें आठ आण्यांवरून एक रुपया केला तेव्हां सुरतेंत दंगा झाला आणि सरकारास कांहीं अंशीं माघार घ्यावी लागली. तरी आंकडा चढतच गेला. १८८२ सालीं दोन रुपये, १८८८ सालीं अडीच रुपये. जें मीठ वाफ्यावर आण्यांत पडे त्यावर रुपयांचा बोजा! १९०२ च्या अंदाजपत्रकावर बोलतांना नामदार गोखले यांनीं हा कर कमी करण्याची मागणी केली. त्यानंतर तो टप्प्याटप्प्यानें उतरून १९०७ सालीं रुपयावर आला. परंतु १९२३ सालीं कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं तो एकदम दुप्पट केला, आणि एका वर्षांत त्यांस तो परत खालीं आणावा लागला.

या वादांत आमच्या पुढाऱ्यांचा मुख्य मुद्दा कोणता होता हें आज नीट समजून घेतलें पाहिजे. श्रीमंत किती खाणार आणि गरीब किती खाणार? मिठाची गरज दोघांस सारखीच. किंबहुना उन्हांत राबून घाम गाळणाऱ्यास थोडी अधिकच. तेव्हां हा कर मिळकतीच्या मानानें गरिबावर सर्वांत जड बसतो, कर वाढला कीं मिठाचा खप उतरतो, आणि खप उतरणें म्हणजे माणसें व जनावरें यांच्या तोंडचा घांस तोडणें होय. हा युक्तिवाद न्यायाचा होता. ६ एप्रिल १९३० रोजीं महात्माजींनीं दांडीस चिमूटभर मीठ उचललें. पाठोपाठ मे महिन्यांत शिरोड्यास आणि वडाळ्याच्या आगरांवर सत्याग्रह्यांनीं लाठ्या खाल्ल्या, आणि विलेपार्ल्याची छावणी त्या काळच्या मुंबईकरांच्या तोंडीं झाली. १९४७ च्या एप्रिलमध्यें, स्वातंत्र्याच्या चार महिने आधीं, हा कर उठला. यांतली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. ज्या पुरुषानें मिठासाठीं सबंध देश उभा केला त्यानें स्वतः दक्षिण आफ्रिकेंत असतां मीठ आणि डाळ सोडून दिली होती आणि हा नेम अनेक वर्षें पाळला होता. आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं तो प्रसंग सांगितला आहे. यांत विसंगति मुळींच नाहीं. मीठ किती खावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. तें मिळूं न देण्याचा अधिकार सरकारास नाहीं. दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिल्या प्रश्नाकडे वळण्याची मोकळीक दुसरा सुटल्यावरच मिळते.

पहिला प्रश्न तरी नवा कोठें आहे? चरकसंहितेच्या विमानस्थानांत तीन पदार्थांचें अति सेवन करूं नये असें सांगितलें आहे: पिंपळी, क्षार आणि लवण. बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधु आणि सौवीर या देशांचे लोक दुधाबरोबरसुद्धां मीठ खातात असा तेथें दाखला आहे. अति मिठानें शरीरास ग्लानि, शैथिल्य व दुर्बलता येते आणि अकालीं केस पिकतात, असें फळ सांगितलें आहे. जमीन खारवट झाली म्हणजे तींत वनस्पति उगवत नाहीं अथवा निस्तेज उगवते, हा दृष्टांतहि त्याच ओघांत येतो. खाजणाकांठच्या माणसास तो समजावून सांगण्याची गरज नाहीं. चिनी वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथांतहि अति मिठानें नाडी कठीण होते असें म्हटलें आहे. परंतु हें निरीक्षण झालें, मोजमाप नव्हे. रक्ताचा दाब मोजतां येतो हें इंग्लंडांतील स्टीफन हेल्स यांनीं घोडीच्या धमनींत नळी घालून दाखविलें व १७३३ सालीं प्रसिद्ध केलें. दंडावर पट्टा बांधून माणसाचा दाब मोजण्याची युक्ति इटलींतील रिवा-रॉची यांनीं १८९६ सालीं काढली, आणि १९०५ सालीं रशियांतील कोरोत्कॉफ यांनीं श्रवणनळीची रीत तिला जोडली. ती रीत आजहि दवाखान्यांत चालते.

मोजण्याचें साधन हातीं येतांच मिठाविषयींचा संशय पुढें आला. फ्रान्समध्यें आंबार व बोजार यांनीं १९०४ सालींच रुग्णांचें मीठ तोडून दाब उतरतो असें मांडलें. अमेरिकेंत केम्प्नर यांनीं १९४० नंतरच्या दशकांत केवळ भात, फळें आणि साखर यांच्या अळणी आहारावर असाध्य मानलेले रुग्ण सुधारल्याचें दाखविलें. आमच्या मुंबईंतील डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो हें रुग्णांवरील अनुभवानें जगापुढें ठेविलें. औषधांच्या बाबतींत या देशाचें तें मोठेंच देणें होय. तरी मिठाचा प्रश्न औषधानें सुटणारा नव्हता. १९६० सालीं अमेरिकेंतील डाल यांनीं निरनिराळ्या लोकांच्या मिठाचे आंकडे एकत्र केले. उत्तर ध्रुवाकडील एस्किमो दिवसास सुमारें चार ग्रॅम मीठ खात आणि त्यांच्यांत हा विकार क्वचित् दिसे. उत्तर जपानांतील शेतकरी सत्तावीस ग्रॅमपर्यंत खात आणि त्यांच्यांतील शेंकडा चाळिसांच्या आसपास लोक या विकारानें ग्रासलेले होते.

यावर वाद झाला आणि तो होणें योग्यच होतें. एस्किमो आणि जपानी यांच्यांत फरक मिठाचाच आहे थोडाच? म्हणून १९८८ सालीं बत्तीस देशांतील बावन्न ठिकाणीं दहा हजारांवर लोकांची एका रीतीनें तपासणी करण्यांत आली. ब्राझीलच्या अरण्यांतील यानोमामी लोक जवळजवळ मिठावांचून जगतात. त्यांचा दाब वयाबरोबर वाढतच नाहीं असें दिसलें. मात्र अशीं चार अळणी ठिकाणें वगळलीं तर उरलेल्या ठिकाणांच्या सरासरी दाबाचा मिठाशीं संबंध फिका पडला. वयाबरोबर दाब किती चढतो याचा संबंध तेवढा टिकला. टीकाकारांनीं हाच मुद्दा उचलून धरला. वाद मिटला तो प्रत्यक्ष प्रयोगांनीं. अमेरिकेंत २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ४१२ लोकांस मिठाचें प्रमाण तीन पायऱ्यांनीं कमी करून जेवण दिलें, तेव्हां प्रत्येक पायरीस दाब उतरला. भाज्या व फळें भरपूर असतील तर आणखी उतरला. चीनमध्यें सहाशें गांवांतील सुमारें एकवीस हजार लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ सालीं आले. ज्या गांवांत नेहमींच्या मिठाऐवजीं चौथा भाग पोटॅशियमचा क्षार मिसळलेलें मीठ दिलें, तेथें पक्षाघाताचें प्रमाण शेंकडा चौदानें कमी झालें. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांस मात्र असें मीठ घातक ठरूं शकतें; तें वैद्याच्या सल्ल्यावांचून घेऊं नये.

असें कां व्हावें? रक्ताच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें नऊ ग्रॅम मिठाइतका खारटपणा असतो, म्हणजे समुद्राच्या चौथाई. हें प्रमाण शरीर जिवापाड सांभाळतें. मूत्रपिंडांतून दिवसास सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्याबरोबर दीड किलोच्या आसपास मीठ. त्यांतलें जवळजवळ सर्व परत घेतलें जातें आणि वाजवीपेक्षां जास्त तेवढेंच बाहेर टाकलें जातें. खाणें रोज थोडें अधिक झालें कीं तें अधिक बाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडास वर्षानुवर्षें करावें लागतें. मीठ राहिलें कीं तें पाणी धरून ठेवतें, नळ्यांतला साठा वाढतो, आणि साठा बाहेर ढकलण्यासाठीं दाब चढवावा लागतो. पुढें धमन्यांच्या भिंतीच ताठ होतात आणि चढलेला दाब कायमचा होतो. सर्वांस हें सारखें लागू नाहीं. कांहीं प्रकृति मिठास अधिक संवेदनशील असतात, आणि वयाबरोबर ही संवेदनशीलता वाढते. दुखत नाहीं, खुपत नाहीं, म्हणून मनुष्य गाफील राहतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ मनुष्यास दिवसास पांच ग्रॅमहून कमी, म्हणजे एक लहान चमचाभर, मीठ पुरेसें समजते. आपल्या देशांतल्या पाहण्यांत तो आंकडा आठपासून अकरा ग्रॅमपर्यंत येतो. ज्या देशानें मीठ महाग झालें म्हणून सत्याग्रह केला तो दोन पिढ्यांत गरजेच्या दुप्पट मीठ खाऊं लागला! लोणचें, पापड, खारवलेली मासळी हे आमचे जुने पदार्थ पावसाळ्याच्या बेगमीसाठीं होते. ते तोंडीं लावावयाचे, ताट भरावयाचे नव्हेत. आणि येथें एक बारकावा लक्षांत घ्यावा. वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर काठ्यांच्या वलांड्यांवर वाळणारा बोंबील उन्हावाऱ्यानेंच वाळतो, त्यास मीठ लागत नाहीं. मीठ लागतें तें दुसऱ्या मासळीस. म्हणजे जुनें सगळेंच खारट होतें असें नाहीं. आज मीठ पोटांत जातें तें पाव, फरसाण, शेवया आणि पुडींतले नाना पदार्थ यांच्या वाटेनें, जें घरच्या गृहिणीनें हातानें घातलेलें नसतें आणि म्हणून तिला आवरतांहि येत नाहीं.

आतां वाफ्यावरच्या पडलेल्या वाऱ्याकडे परत येऊं. ज्या समुद्रांतून हें मीठ येतें त्यासहि ज्वर येतो, असें गेल्या पंधरा वर्षांत शास्त्रज्ञ म्हणूं लागले आहेत. १९८२ नंतरच्या उपग्रहांच्या मापनांनीं हें शक्य झालें. एकाद्या ठिकाणीं, त्या त्या दिवसांच्या तीस वर्षांच्या नोंदींत शेंकडा नव्वद नोंदींहून अधिक तापमान सलग पांच दिवस किंवा जास्त टिकलें, तर त्यास समुद्री उष्णतेची लाट म्हणावें, अशी व्याख्या २०१६ सालीं ठरली. कारणें चार सांगतां येतील. आकाश निरभ्र राहून वारा पडणें, हें पहिलें: वारा नाहीं म्हणून बाष्पीभवन मंदावतें, बाष्पाबरोबर जाणारी उष्णता जात नाहीं, आणि खालचें थंड पाणी वर घुसळलें जात नाहीं. आगरी मनुष्य हेंच आपल्या वाफ्यांत पाहत आला. दुसरें, प्रवाहांनीं ऊन पाणी वाहून आणणें. तिसरें, पॅसिफिक महासागरांतील एल निनोसारख्या दूरच्या घडामोडी, ज्यांनीं इकडचे वारे व ढग बदलतात. हीं तिन्ही कारणें पुरातन आहेत. चौथें नवें आहे: कोळसा व तेल जाळून आपण हवेंत जी उष्णता कोंडली तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानें गिळला. पायाच उंचावल्यामुळें पूर्वींची साधी भरती आतां बांधावरून जाते.

या कामांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा वांटा मोठा आहे. पश्चिम हिंदी महासागराचें उन्हाळ्यांतील तापमान १९०१ ते २०१२ या काळांत सुमारें १.२ अंश सेल्सिअसनें वाढलें, असें तेथील रॉक्सी मॅथ्यू कोल यांनीं सहकाऱ्यांसह २०१४ सालीं दाखविलें. २०२२ च्या त्यांच्या अभ्यासांत १९८२ ते २०१८ या अवधींत त्या समुद्रांत अशा ६६ लाटा मोजल्या आहेत, आणि त्या दर दशकास सुमारें दीडीनें वाढत आहेत. त्यांच्यामुळें मध्य हिंदुस्थानांतला पाऊस घटतो आणि दक्षिणेंतला वाढतो, असाहि निष्कर्ष आहे. मिठाचा संबंध येथेंहि सुटत नाहीं. पाणी जितकें गोडें तितकें हलकें. बंगालच्या उपसागराचें कमी खारट पाणी हिवाळ्यांत लक्षद्वीपाच्या समुद्रांत येऊन वर तरंगत राहतें, खालच्या खारट जड पाण्यांत मिसळत नाहीं, आणि तो पातळ थर मे महिन्यापूर्वीं विलक्षण तापतो. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेंतील शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनीं १९९९ सालीं हें विशद केलें. म्हणजे समुद्र कोठें तापणार हें ठरविण्यांत ऊन आणि वारा यांच्याबरोबर मीठहि भागीदार आहे. २०२४ च्या उन्हाळ्यांत लक्षद्वीपाचीं पोवळीं अशाच दीर्घ लाटेनें पांढरीं पडलीं.

यांतलें सोपाऱ्याच्या वांट्यास काय येतें? तापलेलें पाणी फुगतें. त्यानें आणि वितळत्या बर्फानें जगांतल्या समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ पर्यंत सुमारें वीस सेंटिमीटर चढली. तापलेला समुद्र वादळांस बळ देतो. ५ डिसेंबर २०१७ रोजीं, ज्या महिन्यांत आगर मांडावयाचें त्या महिन्यांत, ओखी वादळाचा पाऊस या किनाऱ्यावर पडला. २०२० च्या जूनमध्यें निसर्ग आणि २०२१ च्या मेमध्यें तौक्ते अशीं दोन वादळें लागोपाठ येऊन गेलीं. अवकाळी पाऊस मिठास विरघळवून टाकतो. आज देशाचें तीनचतुर्थांशाहून अधिक मीठ गुजराथेंत होतें. इकडचीं मिठागरें ओस पडत आहेत आणि त्यांच्या जागेवर इमारतींचा डोळा आहे. १० जुलै २०१८ रोजीं नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखालीं जाऊन गाड्या खोळंबल्या, तेव्हां भरतीपावसाचें पाणी सामावून घेणारी सखल जमीन किती मोलाची होती हें अनेकांच्या ध्यानांत आलें असेल.

याहूनहि जवळची गोष्ट विहिरींची. वसई तालुक्याच्या किनारपट्टींतलें भूजल बेसुमार उपसल्यानें विहिरी खाऱ्या होऊं लागल्या, आणि हरित वसईच्या चळवळींत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनीं पाण्याचा हा प्रश्न लावून धरला. खारें पाणी म्हणजे शेतीचें नुकसान एवढेंच आम्ही समजत होतों. परंतु बंगला देशाच्या खुलना जिल्ह्यांत, दाकोप येथें झालेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, कोरड्या ऋतूंत पिण्याचें पाणी खारें होतें तेव्हां गरोदर स्त्रियांत रक्तदाबाचा विकार पावसाळ्यापेक्षां अधिक आढळतो. ताटांतलें मीठ कमी केलें तरी घागरींतून तें येतच राहतें. समुद्राचा ज्वर आणि माणसाचा रक्तदाब हे दोन निराळे विषय आहेत असें आम्हीहि आरंभीं मानलें असतें. किनाऱ्यावरच्या एका विहिरींत ते एकत्र मिळतात.

तेव्हां करावयाचें काय? घरांत करण्यासारखें थोडें आहे पण तें निश्चित आहे. ताटांत वरून मीठ वाढण्याची चाल सोडावी, पापड-लोणचें तोंडीं लावण्यापुरतें ठेवावें, पुडींतल्या पदार्थावरचा मिठाचा आंकडा वाचावा, चाळिशीनंतर वर्षांतून एकदां तरी दाब मोजावा. आयोडीनयुक्त मीठ मात्र सोडूं नये. तें कमी खावें, सोडावें असें नाहीं. उन्हांत राबणाऱ्याच्या मीठभाकरीवर कोणी उपदेश करूं नये. अति मीठ खाण्याची चूक त्याची नव्हे. याच्या पलीकडचें काम सरकारचें व नगरपालिकांचें आहे: पुडींतल्या अन्नाच्या मिठास मर्यादा घालणें, भूजलाचा उपसा आवरणें, खाजणें आणि आगरें बुजूं न देणें. दोन हजार वर्षांपूर्वीं सातकर्णीनें एका शेतापुरती कां होईना, मिठासाठीं ही जमीन खणूं नका अशी आज्ञा दगडावर कोरविली, आणि साडेतीनशें वर्षांपूर्वीं शिवाजी महाराजांनीं आपल्या आगरांसाठीं सुभेदारास पत्र धाडलें. आजच्या राज्यकर्त्यांनीं शूर्पारकाच्या आगरांसाठीं आणि विहिरींसाठीं तेवढी तरी लेखणी उचलावी, इतकीच आमची अपेक्षा आहे.